ठाणे खाडीची सहल: आधी पंचांग, मग बॅग

तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं आमच्याकडे नेरुळला आली. मार्चचा महिना, रविवार. ‘चला, फ्लेमिंगो दाखवते,’ म्हणत मी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना करावे गावाकडच्या पाणथळीवर घेऊन गेले. तळ्यात होता चिखल, चिखलात लांब पायांच्या दोन शेकाट्या आणि काठावर झोपलेलं एक कुत्रं. भाच्यानं विचारलं, “आत्या, गुलाबी पक्षी कुठायत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाळं खांद्यावर टाकून निघालेल्या गावातल्या एका काकांनी ते दिलं. “ताई, आज पुनव. पानी सुकलाय. पाखरा गेलीन खाडीन, जेवाला.”

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना घेऊन निघण्याआधी कालनिर्णय बघते. ठाणे-नवी मुंबईत नव्यानं राहायला आलेल्यांसाठी किंवा बाहेरून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं लिहून ठेवतेय. आमच्यासारखा पोपट तुमचा होऊ नये म्हणून.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. इथे वाळू नाही. नारळाची झाडं, उंटाची सवारी, भेळेच्या गाड्या आणि पाय भिजवायला लाटा हव्या असतील तर सरळ उरणची लोकल पकडा. जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते आणि तिथून पीरवाडीचा किनारा जवळ आहे. ठाणे खाडीत आहे तो चिखल. काळा, चकचकीत, वास येणारा. आणि या किनाऱ्यावर बघण्यासारखं जे जे आहे ते या चिखलामुळेच आहे. तो कधी उघडा पडतो आणि कधी पाण्याखाली जातो, हे कळलं की अर्धी सहल जमली.

पायरी १: तिथीची पाऊणपट करा

मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ दाखवणारी ॲप्स आहेत, ती खुशाल वापरा. पण कोकणपट्टीतला जुना हिशोब त्याहून सोपा आहे आणि त्याला रेंज लागत नाही. त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमी असेल तर सहाला. द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं. त्यामुळे दुपारी तीनला असेल तर पहाटेही तीनच्या आसपास होऊन गेलेली असते. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हिशोब मिनिटाला मिनिट जुळणारा नाही. ऐरोलीसारख्या खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला बाहेरच्या बंदरापेक्षा उशीर लागतो, तेव्हा अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरा. पण दिवस ठरवायला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पुनव-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तो भांग. पक्षी बघायला हे का महत्त्वाचं? तर रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, ओहोटीला खाडीतल्या उघड्या चिखलावर पसरून खात असतात. उधाणाची भरती तो चिखल बुडवते. मग त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं आणि ते थव्याथव्यानं सीवूड्स-नेरुळच्या तळ्यांमध्ये येतात. भांगाच्या दिवसांत खाडीतच थोडाफार चिखल शिल्लक राहतो, त्यामुळे तळ्यांकडे यायची त्यांना तेवढी घाई नसते.

म्हणजे उधाणाच्या दिवशी भरतीला तळ्यावर जावं. पण पुनवेची भरती येते सव्वाअकरा-बाराला, ऊन ऐन डोक्यावर असताना. पक्षी दिसतात, पण फोटोत सगळे पांढुरके येतात आणि आपण भाजून निघतो. माझ्या अनुभवात दोन जोड्या उत्तम. सकाळी जायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशी, कारण भरती नऊ ते पावणेदहाला. दुपारी जायचं असेल तर तृतीया-चतुर्थी, कारण भरती सव्वादोन ते तीनला, आणि पाणी उतरू लागलं की चार-पाचच्या तिरप्या उन्हात सगळा थवा उठून परत खाडीकडे जातो. तेच बघायचं असतं. संकष्टी धरणाऱ्यांना तर तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. उपास करा, तीन वाजता काठावर या, पक्षी बघा आणि चंद्रोदयाला घरी जा.

पायरी २: महिना निवडा

रोहित साधारण नोव्हेंबरात येऊ लागतात आणि पहिल्या पावसापर्यंत थांबतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. तिथून आणि राजस्थानातल्या सांभरसारख्या खाऱ्या सरोवरांकडून ते इकडे उतरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरळक असतात, जानेवारीपासून गर्दी वाढते. मला फेब्रुवारी-मार्च आवडतो. एप्रिल-मेमध्ये पक्षी भरपूर असतात, पण उकाडा जीव काढतो. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मोजणीत या परिसरातल्या रोहितांनी लाखाचा आकडा ओलांडलेला आहे, त्यामुळे हंगामात ‘दिसतील का’ हा प्रश्न नसतो. कुठे आणि किती वाजता, एवढाच असतो.

गुढीपाडव्याला इथे असाल तर एका दिवसात दोन्ही साधतं. सकाळी लवकर ठाण्यात कोपिनेश्वर मंदिराकडून निघणारी स्वागतयात्रा बघा. चित्ररथ, लेझीम, ढोलपथकं, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका, आणि रस्त्यावर पसरलेल्या भल्याथोरल्या रांगोळ्या. रांगोळ्या मुळीच चुकवू नका. यात्रा पुढे सरकायच्या आत बघा, नंतर त्या पायाखाली जातात. मग ठाण्याहून पनवेल लोकलनं सीवूड्स-दारावेला उतरा. त्या दिवशी तिथी प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता, तीही उधाणाची. ऊन असतं, पण पक्षी हमखास.

पायरी ३: पहिला दिवस ऐरोलीला

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र हे सुरुवात करायचं ठिकाण. कांदळवन प्रतिष्ठान ते चालवतं. ट्रान्स हार्बर मार्गावर ऐरोली स्टेशनला उतरून रिक्षा करा आणि ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हणा. पूर्ण नाव सांगितलंत तर रिक्षावाले दादा आपल्याकडेच बघत राहतात. बोटफेरीची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते, त्यामुळे आगाऊ बुकिंग करून वेळ पक्की करूनच निघा. शनिवार-रविवारची बोट आयत्या वेळी मिळेल या भरवशावर मुलांना घेऊन जाऊ नका. सोमवार टाळलेला बरा.

पोचायचं मात्र बोटीच्या वेळेआधी किमान दीड तास. बहुतेक लोक बोटीपुरते येतात आणि तिवरांतली पायवाट न बघता निघून जातात. मला विचाराल तर बोटीपेक्षा ती पायवाट मोलाची.

तिवर म्हणजे ज्याला लोक सरसकट मँग्रोव्ह म्हणतात त्यातलं इथलं मुख्य झाड. ठाणे खाडीत त्याचंच राज्य आहे. त्याच्याभोवती जमिनीतून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील. ती नाकं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तो जो सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याचं कारणही हेच: हवेविना कुजणाऱ्या पाल्यातून निघणारा गंधकाचा वायू. मुलं नाक धरतात. त्यांना सांगा, जिथे हा वास आहे तिथे चिखल जिवंत आहे.

तिवराचं पान तोडू नका, पण वाकून त्याच्या पृष्ठभागावर बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट. झाड मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. उन्हाच्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. माझ्या भाच्यानं एकदा चार पानं चाखली आणि “आत्या, हे लिंबाबरोबर भारी लागेल,” म्हणाला.

आणखी एक झाड ओळखून ठेवा: चिप्पी. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष, २०२० मध्ये जाहीर झालेला. तिचं फूल रात्री उमलतं, पांढऱ्या तंतूंचा झुपकाच. सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर गळलेले तंतू तरंगताना दिसतात. ज्याच्या नावावरून ‘कांदळवन’ म्हणतात तो कांदळ, कमानीसारखी मुळं टाकणारा, आपल्या खाडीत कमी आहे. दिसलाच तर त्याच्या फांदीला शेवग्याच्या शेंगांसारखं काही लटकलंय का बघा. त्या शेंगा नव्हेत, रोपं आहेत. बी झाडावर असतानाच रुजतं आणि तयार रोप खाली चिखलात पडतं.

आता पाच मिनिटं काही न बोलता चिखलाकडे बघत उभं राहायचं. आधी काही दिसत नाही. मग चिखलच हलल्यासारखा वाटतो. ती निवटी. बोटभर ते वीतभर लांबीचा मासा, डोळे डोक्याच्या वर बटणांसारखे, आणि पुढच्या परांवर कोपरं टेकून सरपटत चाललेला. ओल्या त्वचेतून श्वास घेतो म्हणून पाण्याबाहेर राहू शकतो; मध्येच एका कुशीवर लोळण घेऊन अंग ओलं करून घेतो. दोन निवटे समोरासमोर आले की पाठीवरचा पर शिडासारखा उभारतात आणि तोंड वासून एकमेकांवर धावून जातात. अर्धा मिनिट भांडण, मग दोघेही काही झालंच नाही अशा थाटात आपापल्या बिळाकडे. शेजारी बारके खेकडे असतात, नराचा एक आकडा अंगापेक्षा मोठा. तो आकडा वरखाली हलवून ते मादीला बोलावत असतात. काठावरून बघितलं तर शंभरेक जण एकदम टाटा करतायत असं वाटतं. हे सगळं बघायला ओहोटी किंवा अर्धी भरती हवी. पूर्ण भरतीला ही मंडळी बिळात.

केंद्रातली दालनं लवकर बघून होतात. देवमाशाचा सांगाडा बघा. तिथे मुलं आपोआप शांत होतात.

बोटीबद्दल. ठाणे खाडीचा पश्चिमेकडचा भाग, ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या दरम्यानचा, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जरा जास्त कांदळवन. २०२२ मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. बोट या भागात फिरते. पाणी काठोकाठ असताना थवे विखुरलेले असतात. पाणी उतरायला लागून चिखलाची कड उघडी पडली की ते त्या कडेनं रांग धरतात. तेव्हाची बोट मिळाली तर नशीब. दुरून आधी गुलाबी रेघ दिसते, मग रेघेला पाय फुटतात.

दुर्बीण लावल्यावर दोन जाती वेगळ्या करून बघा. लहान रोहित जास्त संख्येनं असतो: रंग गडद गुलाबी, चोच गडद लाल, दुरून काळीच वाटणारी. मोठा रोहित उंच, जवळजवळ पांढरा, चोच फिकी गुलाबी आणि फक्त टोक काळं. राखाडी दिसतात ती पिल्लं. गुलाबी रंग जन्मजात नसतो, खाण्यातून येतो. लहान रोहित सूक्ष्म शैवाल गाळून खातो, मोठा त्याबरोबर बारीक कवचधारी जीवही. खाताना चोच उलटी पाण्यात, म्हणजे वरची बाजू खाली, आणि जीभ पंपासारखी आतबाहेर. पाणी-चिखल कडेच्या दातऱ्यांतून बाहेर, खाणं आत. दहा-वीस पक्षी एकत्र खात असले आणि बोटीचं इंजिन बंद असलं तर ही कुजबुज ऐकू येते. दूध गाळताना गाळणीखाली येतो तसा काहीसा आवाज.

बोटीत कुणीतरी टाळ्या वाजवणारच, पक्षी उडावेत म्हणून. त्यांना अडवा. उगाच उडवलेला थवा खायचा वेळ आणि ताकद दोन्ही घालवतो, आणि पाणी सहा तासांत परत चढणार असतं. खाडीत कुरव पक्ष्यांना, म्हणजे सीगलना, शेव-गाठिया टाकायची एक भयंकर फॅशन आली आहे, तीही नको. कुरव मासेखाऊ पक्षी आहे, त्याला फरसाण घालू नये. आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावणं सगळ्यात अवघड. आमच्या बोटीत एक आजोबा “अहो, पुण्य आहे,” म्हणून अख्खा पुडा रिकामा करून मोकळे झाले.

पायरी ४: दुसरा दिवस सीवूड्स-करावे

इथे तिकीट नाही, बोट नाही, पाटी असेल-नसेल. सीवूड्स-दारावे स्टेशनहून रिक्षानं करावे गावाकडे किंवा टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला जायचं. डीपीएस तळं म्हणून ओळखलं जाणारं सुमारे ३० एकरांचं पाणथळ याच भागात आहे. रहिवासी आणि पक्षीप्रेमींनी या तळ्यांसाठी वर्षानुवर्षं भांडण केलंय. खाडीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजले की तळं आटतं किंवा शेवाळतं आणि पक्षी पाठ फिरवतात, हे त्यांनी वेळोवेळी दाखवून दिलंय. त्यामुळे गेल्या वर्षी जिथे थवा दिसला तिथे यंदा दिसेलच असं धरू नका. काठावर सकाळी चालायला येणाऱ्या कुणालाही विचारा. इथली मंडळी पक्ष्यांची खबर हवामानासारखी देतात: ‘कालपासून वाढलेत’, ‘आज चाणक्यकडे बसलेत’.

रोहितांच्या पलीकडेही बघा. लांब लाल पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाट, पाणटिवळ्यांचे थवे, चित्रबलाक, काळ्या डोक्याचे शराटी. खांबावर एकटा बसलेला कैकर दिसला तर थांबा, तो मासा घेऊन येतो ते बघण्यासारखं असतं. पहाटे तिवरांच्या कडेला सोनेरी कोल्हाही दिसतो. गेल्या हिवाळ्यात मला दिसला. मी आणि तो, दोघंही तेवढेच दचकलो.

पाम बीच रोडनं येता-जाता पुलांचे खांब आणि भिंतींवर रोहितच रोहित रंगवलेले दिसतील, काही ठिकाणी वारली नक्षीही. सगळीच चित्रं चांगली नाहीत. काहींचे पाय बदकाचे आहेत. पण खरे पक्षी बघून आल्यावर मुलांना ‘यातला लहान रोहित कोणता, मोठा कोणता’ हा खेळ द्या, परतीचा रस्ता छान जातो.

बेलापूरच्या किल्ल्याचं फार काही उरलेलं नाही. बुरूज बघायचा, फोटो काढायचा, पुढे निघायचं. त्यापेक्षा दिवाळे गावात मासळी बाजारात अर्धा तास घालवा. कोळणींशी भाव करायची हिंमत नसेल तर नुसतं बघा: चिंबोऱ्यांच्या नांग्या सुंभानं बांधायची पद्धत, कोलंबीचे वाटे, आणि मिळालेच तर निवटे. होय, तेच कालचे. आगरी-कोळी घरांत त्यांचं कालवण होतं आणि तांदळाच्या भाकरीबरोबर ते खाणाऱ्याला तुमच्या पर्यटनाशी काही घेणंदेणं नसतं. कोळीवाड्यात शिरलात तर अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नका आणि विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नका. “मावशी, काढू का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा होकार मिळतो, वर ‘थांब, पदर नीट करते’ हेही.

पायरी ५: भरतीची वाट बघताना

खाडीची सहल म्हणजे दिवसातले तीन-चार तास. बाकीच्या वेळात लोक मॉलमध्ये जातात. तुम्ही जाऊ नका.

सीबीडी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, टेकडीच्या उतारावर. देशभरातले कारागीर आळीपाळीनं येतात, त्यामुळे दर वेळी वेगळं काही मिळतं: कधी हातमागाच्या साड्या, कधी मातीची भांडी, कधी वारली चित्रं. वारली बघायला मिळाली तर घाई करू नका. ही कला आपल्या शेजारची आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर डहाणू-जव्हारचा हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. मूळचं हे लग्नघरातलं चित्र. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्यानं सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाची चौकोनी मांडणी, काढायच्या, त्यात पालघट ही देवी. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, रोजचं जगणं तिच्यात आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

विकत घेताना एक बघा. हातानं काढलेल्या रेषेची जाडी वळणावर थोडी बदलते, ठिपक्याला पिठाचा किंचित उंचवटा असतो. छापील चित्रात सगळं सपाट आणि एकसारखं. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं असतं, त्यात माणसं मोजायला घ्या. प्रत्येकाची पावलं जरा वेगळी पडलेली असतील तर ते हाताचं काम. आणि भावात घासाघीस करायची तर पन्नास रुपयांसाठी तरी करू नका.

संध्याकाळ नाटकाला ठेवा. वाशीचं नाट्यगृह विष्णुदास भावे यांच्या नावाचं आहे, ज्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं केलं. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन, १९७८ पासून, आणि घोडबंदरच्या बाजूला काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. शनिवार-रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती येतात, ॲपवर तिकिटं मिळतात. पण रंगायतनाच्या खिडकीवर जाऊन, बाहेर लागलेला आसनांचा तक्ता बघून ‘सातवी रांग, मधली द्या’ म्हणण्यात वेगळी मजा आहे. बाल्कनीत बसलात तर पहिल्या रांगा घ्या. प्रयोगाआधी तलावपाळीला, म्हणजे याच तलावाच्या काठानं, एक फेरी मारा. सकाळी ठाण्यात असाल तर मामलेदारची मिसळ खा. तिखट साधी, मध्यम आणि जास्त अशी सांगता येते; पाहुण्यांना मध्यमसुद्धा देऊ नका.

पायरी ६: हाताशी तिसरा दिवस असेल तर घारापुरी

गंमत बघा, घारापुरी आमच्या बाजूच्या उरण तालुक्यात, पण नियमित होड्या सुटतात मुंबईच्या गेटवेवरून. म्हणजे पूल ओलांडून मुंबईत जायचं आणि तासभर पाण्यातून परत याच दिशेला यायचं. तरीही जा. लेणी सोमवारी बंद असतात, हे विसरलात तर नुसताच समुद्र बघून परत याल. सहाव्या शतकाच्या आसपासची ही लेणी, १९८७ पासून जागतिक वारसा. धक्क्यापासून शंभराहून जास्त पायऱ्या चढून वर गेलात की मुख्य लेण्यातल्या त्रिमुखी महेशमूर्तीसमोर थेट जाऊन उभे राहू नका. आधी बाजूचे पट बघा: अर्धनारीश्वर, गंगावतरण, रावणाचं कैलास हलवणं. डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्या. मग मधल्या सहा मीटरच्या मूर्तीकडे या. बाहेरच्या उजेडातून एकदम आत आलेल्याला ती नुसती मोठी दिसते. दहा मिनिटांनंतर डाव्या बाजूच्या उग्र मुखाच्या कपाळावरच्या रेषा आणि उजव्या मुखाच्या हातातलं कमळ दिसायला लागतं.

माकडांपासून पिशव्या सांभाळा. परतीच्या होडीची वेळ आधी विचारून ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद राहतात.

बरोबर काय घ्याल

८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, साधी दुर्बीण, एखादी शेजारच्यांकडून उसनी मिळाली तरी चालेल. मोबाइलच्या कॅमेऱ्याची आशा धरू नका. गुलाबी ठिपके येतात आणि घरी कुणाला पटत नाही. टोपी, पाण्याच्या बाटल्या, डासांचं मलम. पांढरे कपडे नकोत, बोटीत शिंतोडे उडतात आणि खाडीचा डाग जात नाही. चपलांऐवजी जुने बूट. काठावरचा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. असा पाय अडकला तर ओढू नका, बूट तिथेच राहतो. टाच जरा फिरवून आत हवा जाऊ द्या, मग उचला.

घरी आल्यावर बूट दाराबाहेर ठेवा आणि ओला चिखल पुसायला जाऊ नका. दोन दिवस उन्हात वाळू द्या. मग दोन्ही बूट एकमेकांवर आपटले की खपल्या आपोआप पडतात.